शालेय अनुदान व उत्तीर्णतेचे मान

शालेय अनुदान व उत्तीर्णतेचे मान : शाळांना शासकीय निधीतून मिळणारे साहाय्य आणि शालेय शिक्षण पूर्ण करताना विद्यार्थ्याने गाठावयाची पातळी यांचा परस्परसंबंध. पातळी शासनाने ठरवावी आणि ती गाठून देण्याचा खर्च शाळेने सोसावा, ही व्यवस्था फार काळ टिकत नाही. म्हणून अनुदानाचा प्रश्न उत्तीर्णतेच्या प्रश्नापासून कधीच पूर्णपणे सुटा झालेला नाही. मुंबई इलाख्यात आणि नंतर महाराष्ट्रात अनुदान प्रथम परीक्षेच्या निकालावर, मग खर्चावर व शिक्षकांच्या वेतनावर आणि अलीकडे बव्हंशी पटसंख्येवर अवलंबून राहिले. या स्थित्यंतराचा इतिहास पुणे-मुंबईच्या शाळांवरून सांगण्याची रीत आहे; तथापि त्याची खरी कसोटी नंदुरबार जिल्ह्यातील खांडबाऱ्यासारख्या आदिवासी भागात लागली.

चार्ल्स वुड याच्या १८५४ च्या खलित्याने हिंदुस्थानात साहाय्यक अनुदानाचे तत्त्व मान्य झाले. त्यानुसार १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते व १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा (मॅट्रिक्युलेशन) १८५९ मध्ये झाली. तीस बसलेल्या १३२ उमेदवारांपैकी २२ उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. ही परीक्षा वस्तुतः महाविद्यालयाच्या दारावरची होती, परंतु लवकरच तीच शालेय शिक्षणाच्या समाप्तीची खूण ठरली. अशा रीतीने पातळी ठरविणारे विद्यापीठ एक आणि पैसा देणारे खाते दुसरे, अशी विभागणी आरंभापासूनच पडली. प्राथमिक शाळांसाठी १८६३ पासून जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसविण्यात आला व त्याचा एकतृतीयांश भाग शिक्षणाकडे वळविला गेला. उपकर महसुलाच्या प्रमाणात असल्यामुळे जेथे जंगल फार व आकारणी थोडी, तेथे शाळेसाठी उभा राहणारा पैसाही थोडा, हा दोष या योजनेत अंगभूत होता.

परीक्षाफलानुसार अनुदानाची पद्धती इंग्लंडमधून आली. तेथे रॉबर्ट लो याने १८६२ च्या सुधारित संहितेद्वारे ती लागू केली. नियमित उपस्थितीबद्दल दर मुलामागे चार शिलिंग आणि वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी प्रत्येक विषयातील यशाबद्दल दोन शिलिंग आठ पेन्स शाळेला मिळत. मूल ज्या विषयात नापास होई, त्याची रक्कम कापली जाई. मुंबई इलाख्यात सर अलेक्झांडर ग्रँट हे शिक्षणसंचालक असताना, १८६५ च्या सुमारास, हेच तत्त्व खाजगी शाळांच्या अनुदानास लावण्यात आले. प्रत्येक इयत्तेचे मान ठरलेले असे. निरीक्षक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची परीक्षा घेई आणि उत्तीर्णांच्या संख्येवरून शाळेची रक्कम ठरे. हिशेब सोपा होता, शासकीय पैशाचा मोबदला आकड्यात दाखविता येत होता आणि शाळेच्या अंतर्गत कारभारात खात्याला ढवळाढवळ करावी लागत नव्हती. मिशनरी संस्थांच्या बाबतीत धार्मिक तटस्थता पाळू इच्छिणाऱ्या शासनाला ही शेवटची गोष्ट विशेष सोयीची होती.

शाळेच्या दृष्टीने मात्र निरीक्षकाचा दिवस हा वर्षाच्या मिळकतीचा दिवस झाला. पाठांतराला ऊत आला. जे मूल हमखास पास होणार अथवा हमखास नापास होणार, त्याच्याकडे लक्ष देण्यात शिक्षकाला लाभ उरला नाही. याहून गंभीर दोष असा, की चांगली शाळा चालविण्यास पैसा अगोदर लागतो आणि तो मिळे निकालानंतर. सुस्थित वस्तीतील शाळा वर्गणी व फी यांवर तोवर तग धरी. गरीब वस्तीतील शाळेला ते शक्य नसे.

विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली १८८२ मध्ये नेमलेल्या शिक्षण आयोगाने या पद्धतीचा परामर्श घेतला. याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले व प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, प्राथमिक शिक्षकांचे वेतन वाढवावे, असा आग्रह धरला. रयतेच्या महसुलातून आलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप अनुदानाच्या मुळालाच हात घालणारा होता. आयोगाने महाविद्यालयांना ही पद्धती लावू नये असे सांगितले. शाळांच्या बाबतीत बराचसा निर्णय प्रांतांवर सोडला.

आयोगाच्या आदिवासींविषयीच्या शिफारशी त्या मानाने दुर्लक्षित राहिल्या आहेत. आदिवासी मुलांना जरूर तेथे फी माफ करावी. इतर मुलांबरोबर शिकणाऱ्या आदिवासी मुलांबद्दल, आवश्यक वाटल्यास, परीक्षाफलपद्धतीत जादा रक्कम द्यावी. त्यांच्यापैकी शिकलेल्यांना त्यांच्याच लोकांत शिक्षक म्हणून नेमण्याचा प्रयत्न करावा आणि ज्या जमातीची भाषा लिपिबद्ध नाही, तेथे शेजारच्या लोकांची भाषा माध्यम म्हणून वापरावी, असे त्यांत होते. त्याच मानापर्यंत पोहोचण्यास काही मुलांच्या बाबतीत अधिक खर्च येतो, ही कबुली सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी क्वचितच आली असेल. माध्यमाविषयीच्या शिफारशीने मात्र पुढील शंभर वर्षांची अडचण पेरून ठेवली.

खांडबारा हे आजच्या नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नवापूर व नंदुरबार यांच्या दरम्यान आहे. ताप्ती व्हॅली रेल्वेचा हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. परिसरात गावित, मावची, कोकणा व भिल्ल यांची वस्ती प्रामुख्याने असून त्यांच्या बोली घरात चालतात. गुजरातची सीमा जवळ असल्याने बाजारात गुजरातीही कानी पडते. शाळेची मराठी ही येथील बहुसंख्य मुलांची दुसरी, कधी तिसरी भाषा होय. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन झाल्यावर हा भाग पश्चिम खानदेशात आला. १९३५ च्या कायद्याखाली नवापूर पेटा, अक्राणी महाल व मेवासी प्रमुखांची गावे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून घोषित झाली. तत्पूर्वी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात दलित व आदिवासी यांच्या शिक्षणाचा विचार केला होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व अमृतलाल ठक्कर हे तिचे सदस्य होते. डी. सिमिंग्टन यांचा आदिवासी भागांवरील अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

दरम्यान परीक्षाफलपद्धती मोडीत निघाली होती. इंग्लंडने ती १८९० नंतर टप्प्याटप्प्याने सोडली व हिंदुस्थान सरकारच्या १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने तिचा त्याग केला. त्यानंतर अनुदान मान्य खर्चाच्या हिश्शाने देण्याकडे कल वाढला. परीक्षेची बाजूही विद्यापीठाकडून निघाली : १९४८ च्या कायद्याने माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळ स्थापन होऊन पहिली शालान्त परीक्षा १९४९ मध्ये झाली. १९६५ च्या अधिनियमाने आलेल्या राज्य मंडळाने दहावीअखेरची नवी शालान्त परीक्षा मार्च १९७५ मध्ये प्रथम घेतली. प्रत्येक विषयात ३५ टक्के गुण ही उत्तीर्णतेची रेषा रूढ झाली. नंदुरबार, धुळे, जळगाव व नाशिक हे जिल्हे नाशिक विभागीय मंडळाच्या कक्षेत येतात.

महाराष्ट्रात मान्यताप्राप्त खाजगी शाळांच्या शिक्षकांच्या वेतनाचा भार शासनाने क्रमाने उचलला आणि १९७७ च्या अधिनियमाने त्यांच्या सेवाशर्ती निश्चित केल्या. शिक्षक निरीक्षकाच्या भीतीतून सुटला, हा मोठाच लाभ झाला. वेतनेतर अनुदान मात्र तुटपुंजे राहिले. प्रयोगशाळा, ग्रंथालय व इमारत यांची झीज त्यावर भरून निघत नव्हती. आदिवासी क्षेत्रासाठी निवासी आश्रमशाळांची योजना १९५३-५४ मध्ये सुरू झाली. स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना वेतनाबरोबर निवासी मुलांमागे परिरक्षण अनुदानही मिळते. मुलाचे जेवण हा शिक्षणाचा खर्च धरणारी ही येथील बहुधा सर्वांत वास्तववादी तरतूद होय.

शतकाच्या वळणावर शासनाने हात आखडता घेतला. ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर शाळांना परवानग्या मिळाल्या. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळला गेला आणि २०१६ पासून मूल्यांकनात पात्र ठरलेल्या शाळांना २० टक्क्यांपासून टप्प्यांनी अनुदान सुरू झाले. परीक्षेचे मान व अभ्यासक्रम मात्र अनुदानित व विनाअनुदानित शाळांना एकच होते. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणी आणि २०१५ चे संचमान्यतेचे निकष यांमुळे शिक्षकपदे पटावरील मुलांच्या संख्येशी घट्ट बांधली गेली. नंदुरबार जिल्ह्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे स्थलांतर करतात. मूल हंगामात शाळेबाहेर राहिले, की पट घटतो आणि पटाबरोबर शिक्षकही. परत आलेल्या मुलाला शिकविण्याची गरज मात्र वाढलेली असते.

निकालाशी पैसा जोडण्याचा मोह इतरत्रही ओसरलेला नाही. अमेरिकेच्या २००१ च्या संघीय कायद्याने चाचण्यांतील प्रगती न दाखविणाऱ्या शाळांवर कारवाईची तरतूद केली. २०१५ मध्ये त्याची जागा अधिक सैल कायद्याने घेतली. महाराष्ट्रात २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणण्यात आली. १९५६ मध्ये संविधानात घातलेल्या अनुच्छेद ३५०-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. मावची वा गावित बोलणारे खांडबाऱ्याचे मूल आपली शालान्त परीक्षा सामान्यतः मराठीतूनच देते.