चेंडूशी बोलणारा

आमचे मोठे काका सत्तरच्या दशकात डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते. दिवाळीला घरी आले की फराळाच्या ताटावरच सुरू व्हायचे, "अरे, तो चेंडूशी बोलायचा!"

तो म्हणजे डेट्रॉइटच्या टायगर्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मार्क फिड्रिच. १९७६ साली आला तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा, लांबुडका, डोक्यावर पिवळ्या केसांचं टोपलं. 'सेसमी स्ट्रीट'मधल्या थोराड पक्ष्यासारखा दिसतो म्हणून लोक त्याला 'द बर्ड' म्हणत. माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, गुडघे टेकून तो आधीच्या पिचरच्या बुटांनी पडलेले खड्डे हातानं बुजवायचा, माती थापटायचा. ज्या चेंडूवर फटका बसला तो पंचांना परत द्यायचा. त्यात अजून फटके शिल्लक असतील, ही त्याची शंका. २८ जूनला टीव्हीवर देशभर दिसलेल्या सामन्यात त्यानं यांकीज संघाला ५-१ असं हरवलं, तेही दोन तासांच्या आत. सामना संपल्यावर तो पुन्हा मैदानात येईपर्यंत लोक जागचे हलेनात. काकांच्या तोंडी ही गर्दी दर दिवाळीला वाढत गेली. नोंदीत ती ४७,८५५ आहे.

त्या मोसमात १९ विजय. वर्षाचा पगार साडेसोळा हजार डॉलर. "माझ्याहून कमी!" हे काका दरवेळी सांगत.

पुढच्या वर्षी सरावात उंच चेंडू झेलताना गुडघा गेला, मग खांदा. काकूंच्या मते दृष्टच लागली. मला वेगळंच खुपतं. पहिल्या वर्षी त्यानं सुरू केलेल्या २९ सामन्यांपैकी २४ एकट्यानं शेवटापर्यंत टाकले. कोवळ्या खांद्याकडून किती काम घ्यावं? त्यानंतरच्या चार वर्षांत मिळून विजय फक्त १०. खांद्यातले स्नायुबंध फाटलेत हे डॉक्टरांना सापडलं १९८५ मध्ये, खेळ सुटल्यावर.

मग मॅसॅच्युसेट्समध्ये शेती, दहा चाकी डंपरवर खडी-मातीच्या खेपा, शनिवारी सासूबाईंच्या खानावळीत मदत. १३ एप्रिल २००९ला डंपरखाली काम करताना फिरत्या शाफ्टमध्ये कपडे अडकून तो गुदमरून गेला.

काका तेव्हा निवृत्त होऊन पुण्यात होते. बातमी कळल्यावर त्यांनी मला कागदावर तो शाफ्ट काढून दाखवला आणि घरातल्याच पोरावर रागवावं तसे रागावले, "चालू मशीनपाशी सैल कपड्यांनी जायचं नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात!"