उपग्रहाधारित कालवितरण (लायगो-इंडिया)
हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या दुधाळा परिसरात उभारण्यात येणाऱ्या गुरुत्वीय लहरी वेधशाळेसाठी आवश्यक असलेली अचूक काल व वारंवारता मिळवण्याची पद्धत. केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला एप्रिल 2023 मध्ये अंतिम मंजुरी दिली.

जीपीएसच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते. चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ग्राहकयंत्र आपले स्थान आणि स्वतःच्या घड्याळाची चूक काढते. स्थान पक्के ठाऊक असल्यास वेळेसाठी एक उपग्रहही पुरतो. ग्राहकयंत्रातून दर सेकंदाला एक स्पंद निघतो. तो क्षणिक डळमळतो, म्हणून त्याला क्वार्ट्‌झ दोलकाची जोड देतात: अल्पकाळचे स्थैर्य दोलकाचे, दीर्घकाळची शिस्त उपग्रहाची. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळांत हा काल प्रकाशतंतूंतून चार किलोमीटरच्या भुजांच्या टोकांपर्यंत पोहोचतो आणि मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेला राहतो.

एवढा काटेकोरपणा चैन नव्हे. 14 सप्टेंबर 2015 ची पहिली नोंदलेली गुरुत्वीय लहर हॅनफर्डपेक्षा लिव्हिंग्स्टनला सुमारे 7 मिलिसेकंद आधी पोहोचली. अशा फरकावरूनच स्रोताची दिशा ठरते. दूरवरच्या हिंगोलीमुळे ती अधिक नेमकी कळेल.

लायगोच्या नोंदी जीपीएस कालात, म्हणजे 6 जानेवारी 1980 पासूनच्या सेकंदांत असतात. त्यात लीप सेकंद धरत नाहीत. 2017 पासून हा काल जागतिक समन्वित वेळेपेक्षा 18 सेकंद पुढे आहे.