पांगाऱ्याची फळी

गेल्या दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. तो मंगळुरूकडे नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी मुळकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकतो, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेसोबत किनाऱ्याकडे घसरत येतो. म्हणाला, "मामू, पहिली फळी विकत नाही घेणार, स्वतः बनवणार. आपल्याकडं पांगारा मिळेल का?"

मी हसलो. आपला बुलढाणा जिल्हा समुद्रापासून जवळपास चारशे किलोमीटर आत. आपल्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा, पूर्णा, काही धरणं आणि विहिरी. लोणारचं सरोवर आहे, पण ते खारं आणि तिथं लाटा नाहीत. इथल्या पोराला समुद्रावरच्या फळीसाठी गावचा पांगारा कशाला हवा? पण तो विचारून ठेवून गेला आणि मी जुन्या गोष्टी धुंडाळत बसलो.

आमच्या लहानपणी मेहकर तालुक्यातल्या गावात पोहणं विहिरीतच शिकायचं. पहिल्या उन्हाळ्यात पाठीला काहीतरी तरंगणारं बांधायचं. कुणाकडे वाळलेला भोपळा, त्याला आमच्या घरात तुंबा म्हणत. कुणाकडे तेलाचा रिकामा डबा, झाकण मेणानं बंद केलेला. आणि ज्याच्या बांधावर पांगारा असेल त्याच्याकडे पांगाऱ्याचा ओंडका. हे लाकूड इतकं हलकं की लहान पोरगंही तो ओंडका खांद्यावर टाकून विहिरीकडे पळे. पाच लिटरचा बंद डबा पाण्यात जवळपास पाच किलोचा आधार देतो, आणि पाण्यातल्या माणसाला डोकं वर ठेवायला तेवढा आधार पुरतो. हे गणित कुणालाच ठाऊक नव्हतं, पण कोणत्या पोराला कोणता भोपळा बांधायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन भोपळे किंवा दोन ओंडके जोडून केलेल्या तराफ्याला मराठीत सांगड म्हणतात. आज आपण दोन विचारांची सांगड घालतो तेव्हा नदी ओलांडणाऱ्या त्या जोडीची आठवण कुणाला होत नाही.

आमच्या आळीत सांगड उत्तम बांधायची ती माझी मोठी बहीण, या भाच्याची आई. सुंभाची गाठ पाण्यात भिजली की आवळली पाहिजे, सुटता कामा नये, आणि पोराच्या छातीला काचताही कामा नये. बाजीची गाठ कधी सुटली नाही. ती काठावर बसून आम्हा चार-पाच पोरांना बांधून द्यायची. स्वतः मात्र एकदाही पाण्यात उतरली नाही. मुलीनं विहिरीत उतरणं आमच्याकडे बसत नव्हतं. शेजारच्या मराठा घरातही बसत नव्हतं. दलित वस्तीतल्या पोरांना तर त्या विहिरीच्या काठावरही कुणी येऊ देत नसे. महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 ला ओंजळीत घेतलं, त्याला तेव्हा जवळपास पन्नास वर्षं झाली होती. त्या वयात मला यातलं काहीच खटकलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

आता भाच्याच्या फळीकडे येऊ. तिचा इतिहास हवाई बेटांचा. कॅप्टन कुकच्या जहाजावरचा अधिकारी जेम्स किंग यानं 1779 मध्ये तिथल्या लोकांना फळ्यांवर लाटा झेलताना पाहिलं आणि लिहून ठेवलं. तिथं बायका, पुरुष, पोरं सगळेच लाटांवर जात. पण फळी सगळ्यांची सारखी नव्हती. लांबलचक, जाड फळीला 'ओलो' म्हणत, ती सरदारांची. सामान्य लोकांची फळी आखूड आणि पातळ, तिचं नाव 'अलाया'. झाड तोडण्याआधी मुळाशी लाल मासा अर्पण करत. मग दगडी वाकसानं तासणं, प्रवाळानं घासणं, शेवटी रंग आणि तेल.

ओलोसाठी जे हलकं लाकूड नावाजलेलं होतं, त्या झाडाचं नाव 'विलीविली'. वनस्पतिशास्त्रात त्याची प्रजाती एरिथ्रिना. आपल्या पांगाऱ्याचीही तीच. म्हणजे भाचा वेडा नव्हता, त्यानं कुठंतरी हे वाचलं होतं. हजारो मैल लांबच्या बेटावरच्या सरदारानं आणि आमच्या विहिरीवरच्या पोरानं तरंगण्यासाठी सख्ख्या-चुलत झाडांवर भरवसा टाकला होता. यात देवाणघेवाण झाली असं मी म्हणत नाही. माणसाला तरंगायचं असतं, आणि तो आपल्या बांधावरचं सगळ्यात हलकं झाड शोधतो.

1820 पासून हवाईत ख्रिस्ती मिशनरी आले. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं आधीच भराभर मरत होती. जुन्या खेळांना नवीन धर्मशिस्तीत जागा उरली नाही आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाटांवर फार थोडे लोक उरले. तरी 1885 मध्ये हवाईच्या राजघराण्यातले तीन तरुण कॅलिफोर्नियात शिकायला असताना त्यांनी तिथल्याच रेडवूड लाकडाच्या फळ्या करवून घेतल्या आणि सांताक्रूझच्या किनाऱ्यावर लाटांवर गेले. घरापासून दूर, तिथलं लाकूड, आपली विद्या. भाचा हेच करतोय, फक्त त्याची विद्या उसनी आणि लाकूड घरचं.

पुढे 1926 च्या सुमारास टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकन माणसानं होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातल्या जुन्या ओलो फळ्या पाहून तशीच फळी केली. ती फार जड होईना म्हणून त्यानं लाकडात शेकडो भोकं पाडली आणि वरून पातळ लाकडानं झाकली. आत कोंडलेली हवा. आमच्या डब्याचीच युक्ती. आणि त्याहून जुनी, भिश्त्याच्या मशकीची. 1539 मध्ये चौसाच्या लढाईत हरलेला हुमायून गंगेत बुडू लागला, तेव्हा निजाम नावाच्या भिश्त्यानं हवा भरलेली मशक देऊन त्याला पैलतीराला नेलं. बादशहानं त्याला थोडा काळ तख्तावर बसवलं. ही गोष्ट आम्हाला बादशहाच्या उदारपणासाठी सांगितली जायची. मला आता त्यातला निजाम महत्त्वाचा वाटतो. पाणी वाहणाऱ्याला पाण्यावर तरंगायचं कसं हेही ठाऊक होतं.

आजची फळी बहुतेक फोमची असते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ती रुळली. फोमच्या ठोकळ्यावर साचा ठेवून आकार कापायचा, मधोमध लाकडाची पट्टी कण्यासारखी, मग रंधा, पॉलिश कागद, काचतंतूचं कापड, त्यावर रेझिन, शेवटी मागे पर. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे लहान, टोकदार, देखणी फळी करणं. ती त्याला पेलत नाही. पहिली फळी लांब, रुंद आणि जाड हवी. सत्तर किलोच्या माणसाला निदान सत्तर लिटर आकारमानाची. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मला बाजी आठवली. नवीन पोराला ती नेहमी सगळ्यात मोठा भोपळा बांधायची, आणि पोरं रुसायची.

भाच्याला कण्याची पट्टी पांगाऱ्याची हवी होती. मी शोधलं. बांधावरचे पांगारे जवळपास संपलेत. बांध अरुंद झाले, कुंपणाला तार आली. 2005 च्या सुमारास याच प्रजातीच्या झाडांवर गाठी आणणारी एक बारीक गांधीलमाशी हवाईत पोचली आणि विलीविली वाळू लागले. त्याच सुमाराला ती केरळच्या पांगाऱ्यांवरही दिसली. शेवटी एका आटलेल्या विहिरीजवळ एक म्हातारं झाड सापडलं. मालकानं वाळलेली फांदी दिली, पैसे घेतले नाहीत.

पोहण्याच्या विहिरी आटल्या, पण पाणी गेलं नाही. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर प्लास्टिकचं अस्तर घातलेली तळी शिवारात दिसू लागली. त्या अस्तरावर पाय ठरत नाही. पडलेलं पोर काठाशी येऊनही वर चढू शकत नाही. ज्या पिढीच्या पाठीला कुणी भोपळा बांधला नाही, तिच्या शेतात ही तळी आहेत. अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो, तेव्हा वाटतं की विहिरीसोबत आपण एक शाळाही बुजवली. ती शाळा सगळ्यांची नव्हती, हा तिचा दोष होता. तो दोष दुरुस्त करता आला असता. तळ्याकाठी एक दोर, एक बंद डबा आणि पोरापोरींना शिकवणारं कुणीतरी, एवढंच लागतं.

फांदी द्यायला बाजीकडे गेलो. तिनं हातात घेऊन वजन पाहिलं, नखानं साल खरवडली आणि म्हणाली, "पक्की सुकली आहे." मग फोनवर मुलाला विचारलं, "त्या फळीवर बाई तरंगते का रे?"

तो म्हणाला, "अम्मी, तू वजन सांग, तेवढी मोठी बनवतो."

बाजीनं वजन काही सांगितलं नाही. पण गाठीसाठी दोर कोणता वापरणार, हे तिनं दोनदा विचारलं.