अजिंठ्याचे कमळ लोकरीत

मुंबईच्या उकाड्यात लोकरीचे हातमोजे कशाला, असे आपण म्हणाल. पण दिल्लीस दिलेल्या लेकीला थंडीतही लिहिता यावे म्हणून बोटे मोकळी ठेवलेले हातमोजे मी विणावयास घेतले आणि नक्षी शोधता शोधता अजिंठ्यास पोहोचले.

तेथील लेण्यांच्या छतांवर चौकटी पाडून कमळे, हंस, हत्ती रंगविले आहेत. गिरगावातून पायी जाण्याजोग्या आपल्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात तेथे जाऊन नकला करीत होते. लंडनला पाठविलेल्या पुष्कळ नकला १८८५ च्या आगीत जळाल्या! तरीही १८९६-९७ साली दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्यातला दुसरा खंड नक्षीकामाचा. ग्रंथावर नाव ग्रिफिथ्सांचे. कुंचला मात्र पेस्तनजी बोमनजींसारख्या मुंबईच्या मुलांचाही होता. मला हे खटकते.

चौकटीच्या वहीवर कमळ उतरविताना एक ध्यानात ठेवावे. सुलट टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून वहीत गोल दिसणारे फूल लोकरीत चपटे बसते. ओळी वाढवाव्या लागतात. एका ओळीत दोनच रंग घ्यावे. मागचा धागा पाच टाक्यांहून लांब सोडू नये, नाहीतर घालताना बोट अडकते.

कमळ जमले. हंसाची मान मात्र दोनदा उसवली, आता तिसऱ्यांदा सुईवर आहे.