पेशीतला नाणेघाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या लहानपणची, जुन्नरची गोष्ट. अब्बांच्या बरोबर कांद्याच्या वखारीवर काम करणारा एक तरुण पावसाळ्यातल्या एका रात्री तिथंच जमिनीवर अंथरूण टाकून झोपला. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. अंगावर जखम नाही, सूज नाही. कुणी ओवा दिला, कुणी गरम पाणी दिलं. उन्हं वर आली तशा त्याच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. लोकांना वाटलं, झोप अनावर झाली असेल. दुपारच्या आत त्याचा श्वास थांबला. संध्याकाळी अंथरुणाच्या घडीत मण्यार सापडली.

अब्बा पुढं कित्येक वर्षं विचारत राहिले, "जिनं रक्त काढलं नाही, अंग सुजवलं नाही, तिनं माणूस नेला कसा?"

मी बी.ए. झालेला, कवितेच्या वाटेचा माणूस. तरीही या प्रश्नाचं उत्तर शोधत मी विज्ञानाच्या इतिहासात शिरलो. ते उत्तर समजायला आधी आपल्या नाणेघाटावर जायला हवं.

दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल या घाटानं वर चढून जुन्नरच्या पेठेत यायचा. इथल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, आणि माथ्यावर मोठा दगडी रांजण. सातवाहनांच्या काळात त्यात जकातीची नाणी टाकत, असं आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. माल, वाट, नाका आणि पेठ. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीतही असाच व्यापार चालतो. तिथला माल म्हणजे प्रथिनं.

या वाटेवरचा एक मुक्काम फार आधी दिसला होता. 1898 साली कॅमिलो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाला घुबडाच्या मज्जापेशीत जाळीसारखी एक रचना दिसली. ती कशासाठी आहे, हे मात्र पुढं अर्धं शतक उलगडलं नाही. ते काम केलं रुमानियात जन्मलेल्या जॉर्ज पलाडे यांनी, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. स्वादुपिंडाच्या पेशींना त्यांनी किरणोत्सारी खूण केलेला कच्चा माल दिला आणि खुणेचा माग काढला. काही मिनिटांत ती पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेत दिसली, वीसेक मिनिटांत गॉल्जींच्या जाळीत, आणि तासा-दोन तासांत पेशीच्या वेशीजवळच्या पिशव्यांत. पिशवी वेशीच्या पडद्याला चिकटते, फुटते आणि माल बाहेर पडतो. 1974 साली पलाडेंना नोबेल मिळालं.

पण कुठल्या प्रथिनानं कुठं जायचं, हे सांगतं कोण? त्यांच्याच संस्थेतल्या ग्युंटर ब्लोबेल यांनी 1971 साली सहकाऱ्यासह एक कल्पना मांडली आणि 1975 पर्यंत तिला पुरावा जोडला. ती अशी, की पत्ता मालावरच लिहिलेला असतो! पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या आरंभी साधारण पंधरा ते तीस अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. तो वाचून प्रथिन जालिकेत घेतलं जातं आणि आत शिरताना तो तुकडा कापला जातो. जकात भरल्यावर पावती फाडावी तसा. पत्ता जातो, माल राहतो. आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात नेमकं उलटं झालं. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी घोडेगावात, तरी पत्त्यात आंबेगाव राहिलंच.

ब्लोबेल यांना 1999 साली नोबेल मिळालं. युद्धात बेचिराख झालेलं ड्रेस्डेन शहर त्यांच्या बालपणाच्या आठवणीत होतं. बक्षिसाची बहुतेक सगळी रक्कम त्यांनी तिथलं चर्च आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ पुन्हा उभारायला देऊन टाकली.

पुढचा टप्पा 2013 च्या नोबेलचा. रँडी शेकमन यांनी किण्वाच्या पेशींत बिघाड घडवून वाहतुकीची जनुकं हुडकली. जेम्स रॉथमन यांनी पिशवीवरची आणि वेशीवरची प्रथिनं कडी-कोयंड्यासारखी एकमेकांत अडकतात, हे दाखवलं. तो कोयंडा मज्जापेशीत नेमक्या कोणत्या क्षणी उघडतो, हे थॉमस सुडॉफ यांनी उलगडलं.

आता अब्बांच्या प्रश्नाकडं येऊ. मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो. तिथं अशाच पिशव्या तयार असतात. त्यांत प्रथिन नव्हे, तर ॲसिटिलकोलीन नावाचं छोटं रसायन असतं; पण पिशवी फोडण्याची रीत तीच. पिशवी फुटली की स्नायू हलतो. पापणी उघडते, छाती भरते. मण्यारीचं विष मुख्यतः प्रथिनांचं. सापाच्या ग्रंथीतून ते याच वाटेनं बाहेर येतं आणि माणसाच्या शरीरात शिरून हीच वाट मोडतं. 1963 साली तैवानमध्ये चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातले घटक वेगळे केले. एक घटक निरोप घेणाऱ्या स्नायूला बहिरं करतो. दुसरा निरोप देणारं मज्जातंतूचं टोकच निकामी करतो, त्यातल्या पिशव्या रित्या करतो. आपल्याकडच्या मण्यारीच्या विषातही अशी घातक प्रथिनं असतात. घाट फोडला, की पेठ ओस पडते. रक्त नाही, सूज नाही, आणि श्वास बंद.

उतारा पुन्हा प्रथिनांचाच. घोड्याला थोडं थोडं विष टोचलं, की त्याच्या पेशी प्रतिपिंडं बनवून त्याच वाटेनं रक्तात सोडतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेनं अशी प्रतिविषं बनवली. पण मोडलेला घाट प्रतिविषानं बांधला जात नाही. ते फक्त फिरत्या विषाला पकडतं. मज्जातंतूची टोकं शरीर स्वतःच पुन्हा उभारतं, आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वास यंत्रानं चालवावा लागतो. म्हणून सगळी किंमत वेळेला आहे.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारखे डॉक्टर आमच्या भागात वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत. जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी नीट खोचा. पहाटे विनाकारण पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, तर जखम शोधत बसू नका, मांत्रिकाकडं जाऊ नका, थेट दवाखाना गाठा.

अब्बा आता नाहीत. उत्तर मिळालं तेव्हा ते ऐकायला ते नव्हते. पण वखारीवर आजही कुणी ना कुणी जमिनीवर अंथरूण टाकत असेल. हे त्याच्यासाठी.