बिनमळसूत्राची नळी

वसईच्या किल्ल्याचें नांव निघालें म्हणजे चिमाजी आप्पांचा पराक्रम आठवतो, आणि विजयाची खूण म्हणून देवालयांत नेऊन टांगलेल्या पोर्तुगीज घंटा आठवतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ हा सन आजहि वाचतां येतो. परंतु त्या मोहिमेंत शिपायांच्या खांद्यावर ज्या बंदुका होत्या, त्यांच्या नळ्यांकडे इतिहासाचा वाचक सहसा वळत नाहीं. नळी म्हणजे लोखंडाची पोकळ कांब. तींत पाहण्यासारखें तें काय असणार, असें त्यास वाटतें. ज्याला ती बंदूक गालाशीं धरून डागावी लागे त्याला मात्र असें वाटत नसे. शिलेदार आपला घोडा व आपलें हत्यार घेऊन चाकरीस येई. म्हणजे नळीची निवड ही सरकारी कोठाराची बाब नसून पुष्कळदां त्याच्या स्वतःच्या पदरच्या पैशाची, आणि फुटली तर त्याच्याच डोळ्यांची बाब होती.

नळी घडवीत कशी, याचें उत्तम वर्णन अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत सांपडतें. जुन्या रीतीप्रमाणें लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या दोन कडा एकमेकींस भिडवीत. अशी नळी शिवणीवर उकले व जवळच्या माणसांचा घात करी. अकबराच्या कारखान्यांत पत्रा कागदाच्या गुंडाळीसारखा तिरपा वळवून, एक वळसा दुसऱ्यावर चढवून, तापवीत तापवीत जोडीत. दुसरी रीत अशी कीं, लोखंडाच्या भरीव कांबी भोंक पाडून घ्यावयाच्या व तशा तीन-चार तुकड्यांची मिळून एक नळी करावयाची. अशी नळी तोंडापर्यंत दारूनें भरून डागली तरी फुटत नाहीं, असें अबुल फजल अभिमानानें नमूद करतो. बादशाही चाकराच्या अभिमानांतून थोडी सूट वजा करावी हें खरें. पण कारखान्याची शिस्त खोटी म्हणतां येत नाहीं. कच्च्या लोखंडाचें वजन, घडलेल्या नळीचें वजन, कारागीर, ठिकाण, महिना व वर्ष हें सर्व नळीवर कोरीत असत. नळ्या आंतून साफ करण्यासाठीं बैलानें फिरणारें एक चाक होतें. त्यावर सोळा नळ्या एकदम साफ होत.

आतां बुडाकडे वळावें. घडतांना नळी दोन्हीं टोंकांनीं उघडी असते. एक टोंक गोळी जाण्यासाठीं उघडें राहतें. दुसरें बंद करावें लागतें, आणि तें इतकें पक्कें कीं, दारूचा सगळा तडाखा त्यानें सोसला पाहिजे. युरोपांत बुडाच्या आंतून आटे पाडून त्यांत मळसूत्राचें बूच पिळून बसवीत. हिंदुस्थानांतील लोहार बहुधा तापलेलें लोखंडच बुडांत ठोकून नळीशीं एकजीव करी.

दोहोंपैकीं सरस कोणती? उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. मळसूत्राचें बूच काढतां येतें. नळी दोन्हीं बाजूंनीं पुसतां येते, एका टोंकास डोळा लावून ती सरळ आहे कीं वांकडी हें दिसतें. काळी दारू जळली म्हणजे मागें जी राख राहते ती हवेंतील ओल शोषून घेते आणि लोखंड खाऊं लागते. कोंकणच्या खाऱ्या हवेंत तर बोलावयासच नको. बंद बुडाच्या नळींत ही घाण कोंपऱ्यांत सांचते, आणि तींत एखादा निखारा दडून राहिला तर पुढची दारू गजानें ठासतांना हातांतच पेटते. येथपर्यंत मळसूत्राची बाजू बळकट. परंतु आटे जर ढिले पडले, तर त्यांतून आंच फुटते. आणि अगदींच झिजले तर बूच मागें सुटून डागणाऱ्याच्याच कपाळांत बसतें. नीट आटे पाडावयास पोलादी हत्यार लागतें व तें धरणारा हात लागतो. तीं दोन्हीं गांवोगांवच्या लोहारशाळेंत नव्हतीं. सतराव्या शतकांतील हिंदुस्थानांत खिळ्याभोंवतीं तार गुंडाळून ती डाग देऊन पक्की करावयाची व तिलाच मळसूत्र म्हणावयाचें, अशी युक्ति चाले. अशा मळसूत्रावर बंदुकीच्या बुडाचा भार कोण शहाणा टाकील? ज्या गांवांत लोहार चांगला पण आटे पाडणारा नाहीं, तेथें बिनमळसूत्राची नळी घेणें हें अडाणीपणाचें लक्षण नसून पारखीचें होतें.

नवल असें कीं, ही विद्या दाराशीं येऊन ठेपली होती. गोवा घेतल्यावर तीनच वर्षांनीं, १५१३ मध्यें, आल्फोन्सो द आल्बुकेर्कनें आपल्या राजाला कळविलें कीं, गोव्याचे कारागीर बोहेमियांतल्या तोडीच्या बंदुका करतात. मळसूत्री बुडाचा उल्लेखहि त्यांत येतो. बोहेमिया हें तेव्हां बंदुकांचें नांवाजलेलें ठिकाण. त्यापुढें एकवीस वर्षांनीं, १५३४ मध्यें, गुजरातच्या बहादुरशहानें तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. म्हणजे गोव्याच्या हत्यारशाळेंतली कसब समुद्रकिनाऱ्यानें उत्तरेस वसईपर्यंत येण्यास वाट मोकळी होती. तरीहि घाटावर बंद बुडाचीच नळी पुढें दोन-अडीचशें वर्षें चालली. लोकांनीं नवें पाहिलें नाहीं असें नव्हे. पाहिलें, आणि जें आपल्या गांवांत दुरुस्त होतें तेंच घेतलें.

तोंडाच्या बाजूस तर मळसूत्राची गरजच कोणास नव्हती. देशी नळीचें तोंड बहुधा जाड ठेवीत. कधीं कंकणासारखें, कधीं जबडा पसरलेल्या वाघासारखें. ही केवळ हौस नव्हे. गोळी बाहेर पडतांना तोंडाची कड सर्व बाजूंनीं सारखी नसेल, तर मागून येणारा धूर एका बाजूनें आधीं सुटतो व गोळी भलतीकडे ढकलली जाते. आपटून धोपटून ती कड बिघडूं नये म्हणून तेथें लोखंड भरपूर असावें लागतें, आणि आटे पाडणें म्हणजे नेमकें तेथलेंच लोखंड खरवडणें. युरोपच्या पायदळानें बंदुकीस संगीन जोडली तीहि बिनआट्याची. आरंभीं तिची मूठ नळींतच खुपसीत. मग बंदूक डागतां येईना, म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस नळीवर बाहेरून चढणारें संगिनीचें नळकांडें निघालें. तोंडास कांहीं पिळून बसविण्याचा विचार फार अलीकडचा. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकनानें आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचें पेटंट घेतलें तें १९०९ मध्यें.

वसईच्या वेढ्यांत मात्र नळीनें निकाल लावला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. १७३७ च्या मार्चांत ठाणें व अर्नाळा मराठ्यांकडे आले. १७३९ च्या जानेवारींत तारापूर पडलें, त्यांत बाजी भिवराव कामास आले. फेब्रुवारींत वसईभोंवतीं मोर्चे बसले. दगडी तटाआडच्या शत्रूवर बंदुकीची गोळी, मग तिची नळी कशीहि असो, फारशी चालत नाहीं. काम केलें तें सुरुंगांनीं. मे महिन्यांत सान सेबास्तियन बुरुजाखालीं सुरुंग उडाले, खिंडार पडलें, आणि कांहीं सुरुंग उशिरां उडाल्यामुळें आंत घुसणारे मराठेच त्यांत सांपडले. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणें या वेढ्यांत मेलेले व जखमी मिळून मराठ्यांचे पांच हजारांवर लोक खर्ची पडले. पोर्तुगीजांचे आठशें.

पोर्तुगीजांची अडचण हत्यारांच्या बनावटीची नव्हतीच. ती पैशाची व कुमकेची होती. मुंबईच्या इंग्रजांनीं त्यांना थोडी दारू व गोळे दिले, आणि पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले. तेहि देवळांतील चांदीची भांडीं व पितळी तोफा तारण घेऊन. भिंतीबाहेर शत्रु मोर्चे खणीत असतां त्या तोफांपैकीं कांहीं तटावरून उतरवून मुंबईस रवाना करण्यांत आल्या. नव्या गणनेप्रमाणें १६ मे १७३९ रोजीं किल्ला देण्याचा करार झाला. शिबंदीनें आठ दिवसांत बायकामुलें व चीजवस्तु घेऊन निघावें, असें ठरलें. शिपाई आपल्या बंदुका खांद्यावर घेऊन, नगारे वाजवीत व निशाणें फडकावीत गलबतांवर चढले.