आधी नियम वाचा, मग विजेता बघा : शरीरसौष्ठव स्पर्धांच्या सुरुवातीची गोष्ट

'सँडो बनियन' हा शब्द मराठी घरात कुणालाच नवा नाही. पण हा सँडो कोण, असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. युजेन सँडो (१८६७–१९२५) हा प्रशियात जन्मलेला आणि पुढे लंडनला स्थायिक झालेला प्रसिद्ध बलदंड कलावंत. आज आपण त्याच्या ताकदीबद्दल बोलणार नाही. त्याने भरवलेल्या एका स्पर्धेबद्दल बोलणार आहोत. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यातून एक गोष्ट नीट कळते : स्पर्धा हीसुद्धा मोजमापाची एक पद्धत असते. माप कुणी ठरवलं, कसं ठरवलं हे पाहिल्याशिवाय निकालाचा अर्थ लागत नाही.

स्पर्धेआधीची तयारी

१८९७ मध्ये सँडोने लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली आणि १८९८ मध्ये व्यायामावरचं मासिक सुरू केलं. त्याच मासिकातून त्याने एका 'महान स्पर्धे'ची घोषणा केली. बक्षिसं एकूण हजार गिनींची. अंतिम फेरी झाली ती थेट १४ सप्टेंबर १९०१ रोजी. म्हणजे घोषणा आणि निकाल यांच्यात तब्बल तीन वर्षं गेली.

या तीन वर्षांत काय चाललं होतं? ब्रिटनमधल्या काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, प्राथमिक फेऱ्या होत होत्या. भाग घेणारे होते ते मुख्यतः नोकरीधंदा सांभाळून सँडोच्या पद्धतीने व्यायाम करणारे हौशी लोक. आता आयोजकाच्या नजरेने बघा. प्रत्येक फेरी म्हणजे त्या भागात व्यायामपद्धतीचा प्रचार. गावातला ओळखीचा माणूस स्पर्धेत उतरला की त्याचे मित्र, शेजारी, तालमीतले सोबती सगळे त्यात ओढले जातात. आणि पुढे काय झालं हे कळायला मासिक हवंच. मासिक, संस्था, व्यायामाची साधनं आणि स्पर्धा ही चारही चाकं एकाच गाडीची होती.

त्यात काळही अनुकूल होता. १८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झालं. सैन्यभरतीला आलेले बरेच तरुण शारीरिक तपासणीत नापास होऊ लागले आणि 'राष्ट्राची प्रकृती ढासळतेय' अशी चर्चा जोरात सुरू झाली. पुढे १९०४ मध्ये सरकारी समितीचा अहवालच या विषयावर आला. अशा वातावरणात शरीर कमावणं हे देशकार्य म्हणून मांडता येत होतं. अंतिम फेरीचं उत्पन्नही युद्धाच्या मदतनिधीसाठी दिलं गेलं.

निकष आणि परीक्षक

अंतिम फेरी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली. सुमारे पंधरा हजार प्रेक्षक आणि साठ स्पर्धक. नुसते स्नायू बघायला लोक संध्याकाळभर बसणार नाहीत हे आयोजकाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून कवायत, कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सचे कार्यक्रमही ठेवले होते. शेवटी नॉटिंगहॅमचा विल्यम मरे पहिला आला आणि सँडोचा सोनेरी पुतळा घेऊन गेला. आज मिस्टर ऑलिंपियाच्या विजेत्याला मिळतो तोही सँडोचाच पुतळा.

निकष आधीच जाहीर होते : शरीराचा एकूण विकास, त्यातला समतोल, स्नायूंची घडण, सर्वसाधारण आरोग्य आणि त्वचेची स्थिती. केवळ सर्वांत मोठे स्नायू असलेला माणूस जिंकणार नाही, हेही स्पष्ट होतं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबायला हवं. दंडाचा घेर टेपने मोजता येतो, तसा समतोल कशाने मोजणार? तो बघणाऱ्याच्या नजरेवरच अवलंबून. म्हणून परीक्षक कोण, हा प्रश्न निकषांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

परीक्षक होते शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि लेखक-डॉक्टर आर्थर कॉनन डॉयल, म्हणजे शेरलॉक होम्सचे जनक. वाद पडल्यास निर्णय द्यायला स्वतः सँडो. निवड हुशारीची होती. शिल्पकाराला प्रमाणबद्धता कळते, डॉक्टरला आरोग्य. पण डॉयल सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत आणि पुढे १९०७ मध्ये त्यांनी सँडोच्या पुस्तकाला प्रस्तावनाही लिहिली. आजच्या भाषेत याला हितसंबंधांचा प्रश्न म्हणतात. निकाल चुकीचा होता असं यावरून म्हणता येत नाही. पण ज्याची व्यायामपद्धत, त्याचंच मासिक, त्याचीच स्पर्धा आणि शेवटचा शब्दही त्याचाच, ही रचना नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अमेरिकेतला दुसरा प्रयोग

आता तुलनेसाठी न्यूयॉर्कला जाऊ. तिथे बर्नार मॅकफॅडन या मासिकवाल्याने हीच कल्पना उचलली. १९०३ च्या डिसेंबरअखेरीस मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुरू झालेली त्याची स्पर्धा १९०४ च्या जानेवारीत संपली. पुरुषांत अल ट्रेलोर जिंकला. हा पूर्वी सँडोचा मदतनीस म्हणून रंगमंचावर वावरलेला माणूस होता. म्हणजे हौशी कोण आणि व्यावसायिक कोण, ही रेघ पहिल्यापासूनच पुसट होती.

सँडोच्या मंचावर स्पर्धक फक्त पुरुष होते. मॅकफॅडनने स्त्रियांचाही विभाग ठेवला आणि त्यात एमा न्यूकर्क जिंकली. पुढच्या, म्हणजे १९०५ च्या कार्यक्रमावेळी घट्ट पोशाखातल्या स्त्रियांच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला गेला. नीतिरक्षक म्हणून गाजलेल्या अँथनी कॉमस्टॉकच्या तक्रारीवरून मॅकफॅडनला अटक झाली आणि त्या गवगव्यामुळे गर्दी उलट वाढली! पुरुषाचं शरीर 'राष्ट्राचं आरोग्य' आणि स्त्रीचं शरीर 'अश्लील', हा फरक नियमपुस्तकात कुठेच लिहिलेला नव्हता, पण स्पर्धेला तोही लागू होताच. स्त्रियांच्या स्पर्धांत स्नायू किती असावेत यावर पुढे शतकभर जो वाद चालला, त्याची मुळं इथे सापडतात.

आपल्याकडे बघताना

१९०४-०५ मध्ये सँडो भारत दौऱ्यावर आला होता. आज आपल्याकडे जिल्हा, राज्य, देश अशी पायऱ्यांची रचना आहे आणि महाराष्ट्र श्री, भारत श्री हे किताब सगळ्यांना माहीत आहेत. वजनगट आले, त्यामुळे तुलना थोडी न्याय्य झाली. पण समतोल अजून नजरेनेच ठरतो आणि स्थानिक स्पर्धेला पैसा, मैदान, प्रसिद्धी देणारा कुणीतरी लागतोच.

तुम्हाला कुठल्याही स्पर्धेवर, परीक्षेवर किंवा पुरस्कारावर संशोधन करायचं असेल, तर पाच प्रश्नांपासून सुरुवात करा. भाग कोण घेऊ शकतं? निकष कुणी लिहिले? परीक्षक कुणी नेमले? खर्च कुणी केला आणि फायदा कुणाला झाला? आणि दाराबाहेर कोण राहिलं? शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण बाहेर राहिलेल्यांचे फोटो मासिकात छापून येत नाहीत. चांगला प्रबंधविषय बहुतेक वेळा तिथेच सापडतो.